हरेल त्याने ढकलायचं

स्टार्क्स लँडिंग, इंडियाना
१७ ऑक्टोबर १९००

लुएला,

'प्रिय' लिहायची सोय तूच ठेवली नाहीस, म्हणून नुसतं नाव. जूनपासून तुझं एक अक्षर नाही. तुझी मॅटी आत्या चर्चमध्ये माझ्याकडे बघते आणि लगेच छताकडे बघते, त्यावरून तुझा राग उतरलेला नाही एवढं कळतं. तिकडे इव्हान्सव्हिलला तू शिकवतेस ती शाळा सुरू झाली, वर्गात बाकांपेक्षा मुलं जास्त आहेत, हेही आत्यानेच सांगितलं. मला नव्हे, माझ्या आईला. मी मागे उभा होतो.

मी कॉलेज सोडलं. तुझ्या कानावर आलंच असेल, पण कारण माझ्याकडून ऐक. वादसभेत फिलिपीन्सचा विषय होता. मी म्हणालो की राजाच्या अंमलाखाली राहायचं नाही म्हणून हा देश जन्मला, आणि आता समुद्रापलीकडे जाऊन आपणच कुणाचे तरी राजे व्हायला निघालोय. समोरचा पोरगा माझ्याकडे बोट दाखवत हसत म्हणाला, "या टकेटच्या आज्याने यादवीत दक्षिणेशी लढायचं टाळलं, नातू फिलिपिनोंशी लढायचं टाळतोय." मी दौत फेकली. त्याला लागली नाही, भिंतीला लागली. प्राचार्य म्हणाले, सभेसमोर माफी माग. मी सामान बांधलं.

आता सॉमिलवर फळ्या वाहतो. हात सोलले आहेत. हे दयेसाठी लिहीत नाहीये. बरं, थोडं त्यासाठीच.

जूनमधल्या त्या जेवणाबद्दल: वॉरेन तिकडे फिलिपीन्समध्ये मालकी गाजवायला गेलाय, हे मी तुमच्याच टेबलावर, तुमचंच चिकन खाताना बोललो, ते चुकलं. तुझा भाऊ जंगलात तापाने फणफणतोय आणि मी बटाटे मागून घेत भाषण ठोकतोय. तुझे वडील उठले, लाकडी पाय आपटत आत गेले, आणि तू म्हणालीस, "त्यांची माफी मागितल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस." मी अजून मागितलेली नाही. बोललो तसं बोलायला नको होतं, पण जे बोललो ते मला अजून खरं वाटतं. अर्धी माफी कशी मागतात ते मला येत नाही.

गावात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा नुसता धुरळा आहे. मॅकिन्लीवाले 'भरलेला डबा' ही त्यांची घोषणा म्हणून काठीला पत्र्याचे जेवणाचे डबे बांधून मशाली घेऊन फिरतात, आम्ही ब्रायनवाले त्यांच्या मागून ओरडत जातो. गेंट्रीच्या दाढीच्या दुकानात तुझ्या वडिलांची आणि माझी पैज लागली आहे. ब्रायन हरला तर मी त्यांना एकचाकी ढकलगाडीत बसवून फेरीबोटीच्या धक्क्यापासून कोर्टापर्यंत न्यायचं, भर दिवसा, बँडसकट. हरेल त्याने ढकलायचं, हा रिवाज तुला माहीतच आहे.

ब्रायन जिंकला तर काय, ते आम्हा दोघांतलं आहे.

ऑरिन

*

२९ ऑक्टोबर १९००

लुएला,

चार महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात चार ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत: "आत्याने पैजेची दुसरी बाजू कळवली. ब्रायन आला तर तुला रविवारी माझ्याबरोबर आमच्या व्हरांड्यात बसायची, म्हणजे मला मागणी घालायची, परवानगी. तुम्हा दोघांना मत आहे, मला नाही. तेवढ्याने भागलं नाही म्हणून आता मलाच पणाला लावलं. शेतकी जत्रेत डुक्कर लावतात तसं."

मी हे तुझ्यापासून लपवलं, कारण तू हेच म्हणशील हे मला माहीत होतं. म्हणजे चूक आहे हे मला आधीच कळत होतं. याहून वाईट बाजू मला मांडता येत नाही.

पण झालं कसं ते तरी ऐक. शनिवारची गर्दी होती. तुझे वडील खुर्चीत, तोंडाला फेस. ज्युनियस गेंट्री वस्तरा पाजळत होता. मी नंबर लावून बसलो होतो.

"कॉलेजवाले," तुझे वडील आरशातून म्हणाले, "लाकडं वाहायला लॅटिन लागतं का रे?"

"नाही सार्जंट. पण मॅकिन्लीला मत द्यायला मात्र काहीच लागत नाही."

"गेंट्री, या पोराची जीभ कापून दे. दाढी नको."

"जिभेचे पैसे वेगळे पडतात, सार्जंट," गेंट्री म्हणाला.

मग शब्दाने शब्द वाढला. मी म्हणालो, इंडियाना ब्रायनकडे जाणार. ते म्हणाले, गेली तर मी आपला दुसरा पायही लाकडाचा करून घेईन. मी म्हणालो, पाय नको, काहीतरी खरं लावा. सगळं दुकान ऐकत होतं. तेव्हा त्यांनी फेसासकट मान वळवली आणि म्हणाले, "रविवारी व्हरांड्यात खुर्ची. तुला तीच पाहिजे ना? जूनपासून आमच्या कुंपणावरून मान लांबवत जातोस, मी आंधळा नाही." दुकान हसलं. माझे कान तापले. मी हात पुढे केला.

त्या क्षणी मला वाटलं, त्यांनी मला सगळ्यांसमोर नागडं केलं. तुला काय वाटेल हे मनातच आलं नाही. ना त्यांच्या, ना माझ्या. गेंट्री तेवढा म्हणाला, "मुलीला विचारलंय का कुणी?" त्यावर सगळे परत हसले.

पैज मोडायला मी परवा तुमच्या दारात गेलो होतो. तुझे वडील म्हणाले, "हरायला लागल्यावर पैज मोडणारे मी युद्धात, टेनेसीत बरेच पाहिले." आणि दार लावलं.

ऑरिन

*

७ नोव्हेंबर १९००

हरलो. नुसता हरलो नाही, धुतला गेलो. इंडियाना गेली, देश गेला. तारघरासमोर आकडे फळ्यावर लिहीत होते आणि प्रत्येक आकड्याला टोप्या उडत होत्या. माझी टोपी मी पायाखाली तुडवली. आईने विणलेली होती, आता तीही रुसली आहे.

शनिवारी ढकलायचं आहे. खरं सांगतो, सकाळच्या फेरीबोटीने नदीपलीकडे केंटकीत निघून जावं, लुईव्हिलला काम धरावं, इकडे तोंडच दाखवू नये, असं मनात आहे. गावातले लोक माझ्यासाठी खास मक्याच्या साली गोळा करून ठेवतायत, फेकायला.

गेंट्रीकडे गेलो. म्हटलं, तू साक्षीदार आहेस, तूच सोडव. तो दुकान झाडत होता. झाडू थांबवून म्हणाला, "अठराशे साठ साली अशीच एक निवडणूक झाली. हरले त्यांना हार पचली नाही. त्यांनी तोफा काढल्या, सहा लाख माणसं मेली. तेव्हा तुमच्यात पैजा लागल्या असत्या तर माझा बाप पैज लावणाऱ्यांत नसता, ऑरिन, गुलाम म्हणून पैजेत लावलेल्या मालात असता. काल मी कोर्टात जाऊन मत टाकून आलो. नदीपलीकडे खाली दक्षिणेत माझ्या मावसभावांना आता तेही टाकू देत नाहीत, काळ्यांना अडवायला नवे नवे कायदे काढतायत. तू एक गाडी ढकलायला लाजतोस?"

मी केसांचा ढीग ओलांडून बाहेर आलो. तू म्हणशील, बरं झालं.

ऑ.

*

११ नोव्हेंबर १९००, रविवार

लुएला,

आत्याचं पत्र माझ्या पत्राच्या आधी पोचेल आणि ती सगळं उलटंसुलटं सांगेल, म्हणून चर्च बुडवून लिहितोय.

मी पळालो नाही. दहाला धक्क्यावर गेलो तर अर्धा गाव आधीच तिथे. कॉर्नेट-तुताऱ्यांचा बँडही आलेला. सॉमिलची ढकलगाडी मी घासून नेली होती, तळाला गोणपाट घातलं होतं. तुझे वडील आले ते जुन्या सैनिकांची काळी टोपी घालून, छातीला बिल्ला लावून. बसले, आणि लाकडी पाय समोर तोफेसारखा रोखून ठेवला.

"गोणपाट कशाला?" म्हणाले. "मी बटाटे नाही."

"बटाटे बोलत नाहीत, सार्जंट."

"चल. आणि डुलवू नकोस, नाश्ता करून आलोय."

धक्क्यापासूनचा चढ तुला माहीत आहे. पायी जाताना तो कधी चढ वाटला नव्हता. साली आल्या, कणसं आली, एक सडका भोपळा आला तो मात्र सार्जंटना लागला. फेकणारा मॅकिन्लीवालाच निघाला. त्यांनी त्याचं सगळं खानदान काढलं. मी हसलो, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तेही माझ्याबरोबर हसले. एवढ्यावर मला वाटलं, आता सरळ कोर्टापर्यंत सुटलो.

पण मोझेस कॅल्डवेलच्या दुकानाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांब."

बँड थांबला. लोक थांबले. तू या गावात वाढलीस, म्हणून ते काय होतं ते तुला सांगायला नको, तरी लिहितो. कॅल्डवेल केंटकीचा, दक्षिणेच्या बाजूने लढलेला, युद्धानंतर नदी ओलांडून इथे खोगिरांचं दुकान घातलं. तेव्हापासून तुझ्या वडिलांचे लगाम दहा मैलांवरच्या गावाहून येतात. एका रस्त्यावर दोघं म्हातारे झाले, पण एक शब्द नाही. सैनिकांच्या थडग्यांना फुलं वाहायचा दिवससुद्धा गावात दोन. एक यांचा, एक त्याचा, आणि त्याच्या बाजूने तो एकटाच.

कॅल्डवेल दारात आला. हातात आरी, तोंडात दोरा. सार्जंटना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"प्रूइट. म्हातारपणी बाबागाडी?"

"तुमचा ब्रायन आला असता तर चालत गेलो असतो. एका पायावर."

"दुसरा कुठे ठेवलास ते विसरलास वाटतं."

"टेनेसीत. तूही होतास ना तिथे? तो गोळा तुझाच असेल."

कॅल्डवेलने दोरा तोंडातून काढला. "माझा नेम एवढा चांगला असता तर युद्ध आम्ही जिंकलो असतो."

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण मी चाक घसरू नये म्हणून त्याला पाय लावून उभा होतो. मला वाटलं, आता इथेच पस्तीस वर्षांचं तुंबलेलं फुटणार. तेवढ्यात तुझे वडील वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुझा धाकटाही तिकडेच आहे म्हणे."

"बेटांवर. गेल्या वर्षापासून." कॅल्डवेल दुकानाच्या आत कुठेतरी बघत होता. "निळा डगला घालून निरोप घ्यायला आला होता. माझ्या घरात उत्तरेच्या त्या रंगाचा डगला खुंटीला लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला गोळी घातली असती. लागला. मीच बटण शिवून दिलं."

"पत्र येतं?"

"जुलैत आलं. नंतर नाही. वॉरेनचं?"

"ऑगस्टमध्ये. ताप आहे म्हणतो."

"तिकडे सगळ्यांनाच आहे म्हणतात."

"हो. म्हणतात."

एवढंच बोलले, लुएला. मग सार्जंट म्हणाले, "चल पोरा." मी दांडे उचलायला वाकलो तर कॅल्डवेल पायरी उतरून आला आणि मला कोपराने बाजूला सारून म्हणाला, "सरक. मत मीही ब्रायनलाच टाकलं होतं. हरलोय मीही."

डावा दांडा त्याने धरला, उजवा मी. तुझे वडील पुढे तोंड करून बसले होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. टोपी तेवढी हलताना दिसली. मग म्हणाले, "सरळ ढकल, कॅल्डवेल. तुमची बाजू पहिल्यापासून एकीकडे ओढते." "गप बस, प्रूइट, नाहीतर नदीत नेऊन ओतीन." बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना. मग त्यांनी काहीच वाजवलं नाही, आणि साली फेकणंही थांबलं. नुसतं चाक कुरकुरत होतं.

मी तुझ्याशी जूनमध्ये भांडलो तेव्हा हा देश आता बिघडला असं म्हणालो होतो. काल चढावर, घामाने डोळे चुरचुरत असताना, मला या लोकांचा असा काही अभिमान वाटला की हुंदका आला. त्याला दमल्याचा आवाज समजले असतील तर बरं. ज्याने पाय घेतला असेल तो माणूस ज्याचा गेला त्याला ढकलत नेतोय, निवडणूक हरला म्हणून, आणि गाव टोप्या काढून बघतंय. जगाच्या नकाशावर आमची जहाजं कुठवर गेली त्यावरून मी देशाला मोठं मानत नव्हतो आणि मानत नाही. पण हे मोठं आहे.

कोर्टाच्या पायऱ्यांशी मी माफी मागितली. अर्धीच. म्हणालो, "सार्जंट, वॉरेनबद्दल तुमच्या टेबलावर बोललो, त्याची माफी मागतो. लढाईबद्दलचं मत तेच आहे."

ते गाडीतून उतरत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, "मत तुझ्याकडे ठेव. माणसं विकली जाऊ नयेत म्हणून मी त्या झेंड्याखाली पाय घालवला. तो झेंडा एवढ्या लांब जाईल असं वाटलं नव्हतं. गेलाय तर तिथेही त्याचा अर्थ तोच राहिला पाहिजे. नाही राहिला तर ओरडणाऱ्यांत मी पहिला असेन. पण माझ्या पोराबद्दल ते बोलायचा मान माझा, तुझा नाही. कळलं?"

"कळलं."

"मग ये रविवारी. पैज हरलास तरी ये. बस व्हरांड्यात."

लुएला, पाच महिने मी ज्या वाक्यासाठी झुरलो ते हेच. आणि मी म्हणालो, "नको, सार्जंट. ती खुर्ची तुमची नाही द्यायला. मी तिला विचारीन."

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मला वाटलं, झालं, परत पेटले. ते कॅल्डवेलला म्हणाले, "बघ, शिकतोय." आणि दोघं मिळून, एक पाय आपटत, एक पाठीला हात लावून, गेंट्रीच्या दुकानाकडे गेले.

म्हणून विचारतो. माझ्याशी लग्न करशील का? नाही म्हणालीस तर दौत फेकणार नाही.

ऑरिन

*

२ डिसेंबर १९००

लुएला,

तू कालच्या बोटीने गेलीस आणि मी धक्क्यावर उभा राहून हात हलवला, एवढं तुझ्या आत्यालाही दिसलं. तिने या वेळी छताकडे बघितलं नाही. तिथे छत नव्हतं म्हणून असेल.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी तू जे बोललीस ते इथे पुन्हा लिहितो, मी नीट ऐकलं की नाही ते तुला बघता यावं म्हणून.

तू म्हणालीस, "मला तू आवडतोस. त्यावर वेळ घालवू नकोस." मी त्यावरच वेळ घालवणार होतो.

मग म्हणालीस, "पण आज हो म्हटलं तर उद्या शाळा जाते. आमच्या शाळामंडळाचा नियम आहे, लग्न झालेली बाई शिकवायला ठेवत नाहीत. तू हे विचारलंस का कधी?"

मी नाही म्हणालो. तीन पानं लिहिली, देशाबद्दल, झेंड्याबद्दल. हे विचारलं नाही.

"माझ्या वर्गात निम्मी मुलं जर्मन बोलत येतात," तू म्हणालीस, "आणि पाचसहा जणांच्या पायात जोडे नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आता माझ्याबद्दल फळ्यावर वाईटसाईट लिहितात, स्पेलिंगसकट बरोबर. ते मी सोडणार नाही. निदान आत्ता नाही. आणि कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्या रागीट माणसासाठी तर नाहीच."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही. आत्ता नाही."

आतून तुझे वडील ओरडले, "काय म्हणाली?" तू ओरडलीस, "नाही म्हटलं मी." ते म्हणाले, "मग त्याला पाय दे. खायचा, भोपळ्याचा, गोड." आणि मी खाल्ला, दोनदा मागून घेतला. भाषण केलं नाही.

मला वाटलं होतं, नकार म्हणजे छातीत काहीतरी मोडतं. मोडलं थोडं. पण तू रेलिंगला टेकून त्या पोरांबद्दल बोलत होतीस तेव्हा तुझे हात खडूने फुटलेले दिसले, आणि मला कळलं की हा देश काय होणार ते वॉशिंग्टनमध्ये ठरत असेल, पण थोडंफार तुझ्या वर्गातही ठरतंय, आणि तिथे मला मत नाही. एवढ्यावर माणसाने भांडू नये. मी पहिल्यांदाच भांडलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

प्राचार्यांना पत्र टाकलं आहे.

ऑरिन

*

कॉलेजातून
६ जानेवारी १९०१

प्रिय लुएला,

तुझ्या पत्रात वर 'प्रिय' होतं, म्हणून मीही लिहितो.

मला परत घेतलं. सभेसमोर उभं राहून माफी मागितली. भिंतीवरचा शाईचा डाग अजून तसाच आहे, नवी पोरं पाहुण्यांना दाखवतात. ज्याच्यावर दौत फेकली तो आता माझ्याशेजारी बसतो, कारण मी काही फेकलं तर ते त्याच्या दिशेने येणार नाही, असं त्याचं म्हणणं.

वर्ष बदललं त्या मध्यरात्री घंटा वाजवून नवं शतक घेतलं. पोरं आवारात गळ्यात गळे घालून ओरडत होती की हे शतक आपलं. असेलही. मला तुझ्या वर्गातली बिनजोड्याची मुलं आठवली. हे शतक त्यांचं असेल तर आपलं म्हणायला माझी हरकत नाही.

वॉरेनचं पत्र आलं, ताप उतरला, हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, वर लिहायला हवं होतंस. कॅल्डवेलला सांगितलं का कुणी? त्याच्या धाकट्याचं काही कळलं का? सार्जंटना म्हणावं, जाऊन विचारा, लगाम घ्यायचं निमित्त करा.

पुढच्या महिन्यात वादसभेत मला फिलिपीन्सवरच, सरकारच्या बाजूने बोलायला दिलं आहे, मुद्दाम. विषयाची चिठ्ठी फाडणार होतो, फाडली नाही. वॉरेनला विचारून कळव, त्याला तिथे काय दिसतं. त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत मांडीन, माझं त्यात घालणार नाही. आणि तो परत आला की मला शिव्या घालायचा पहिला हक्क त्याचा. मी धक्क्यावर येऊन ऐकून घेईन.

तुला मी पुन्हा विचारणार नाही. तुला वाटलं तर तू विचार. तोवर पोरांनी फळ्यावर काय लिहिलं तेवढं कळवत जा.

तुझा
ऑरिन